साथीच्या दिवसांतला शेजार



आपल्या व्याख्यानमालेत आजवर संत झाले, शाहीर झाले, नाटक झाले, सीमाभागातली मराठी शाळा झाली. मला बोलावले तेव्हा कार्यवाहांना वाटले असणार की डॉक्टर आहेत, मधुमेह नाहीतर संधिवात यावर तासभर बोलतील. मी विषय सांगितला तेव्हा ते जरा थांबले आणि म्हणाले, "तुम्ही जैन, आणि बोलणार ख्रिस्ती श्रद्धेवर?" मी म्हटले, श्रद्धेवर बोलायचा मला अधिकार नाही. साथीच्या दिवसांत एखादे माणूस त्या श्रद्धेपर्यंत कसे पोचते, ते मात्र मी माझ्या दवाखान्याच्या खुर्चीवरून पाहिले आहे. शिवाय या विषयावर मराठीत लिहिलेले पुष्कळ आहे आणि आपण ते कपाटात नीट ठेवून दिले आहे.

केलगेरीत माझा दवाखाना आहे त्याला पस्तीस वर्षे होऊन गेली. तलावाच्या बाजूच्या वस्तीत एक मराठा कुटुंब राहते. चार पिढ्यांपूर्वी निपाणीकडून आलेले, घरात मराठी, दारात कानडी, आपल्यापैकी बहुतेकांसारखेच. घरात नवराबायको, शाळेत जाणारा मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची सासू. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, नवरा हुबळीच्या एका इस्पितळात बारा दिवस राहून वारला. देह घरी आला नाही. तोवर घरात तिघांनाही ताप होता. (ही हकीकत मी त्या बाईंना विचारून सांगतो आहे. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत.)

त्या घराचा डॉक्टर मी. बाईंनी फोन केला. सासूला जुलाब सुरू झाले होते, उठता येत नव्हते, ऑक्सिमीटर त्र्याण्णव दाखवत होता. दाखल करा म्हटले तर खाट कुठे होती? मी औषध बांधले, स्कूटरवरून गेलो, फाटकाच्या खांबावर पुडी ठेवली, हॉर्न वाजवला आणि बाई दारात दिसताच हात करून निघालो. माझे वय एकसष्ट, मला मधुमेह, पत्नीला दमा. कारणे सगळी खरी होती, नियमही तेच सांगत होता. तरी त्या हॉर्नचा आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

त्यांच्या दोन घरे पलीकडे एक ख्रिस्ती कुटुंब राहते. नवरा रिक्षा चालवतो, बायको एका शाळेत स्वयंपाकाला होती. शाळा बंद पडल्याने ती घरीच होती. आपल्या धारवाडात बासेल मिशन १८३७ साली आले आणि हुबळीत १८३९ साली. किट्टेलचा कोश आपण अभिमानाने दाखवतो, पण त्याच मिशनच्या चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जाणारी कानडी कुटुंबे आपल्या गल्लीत असून त्यांच्या घरी आपले जाणे-येणे बेताचेच. तर ही बाई, तिला सगळे अक्का म्हणतात, तोंडाला दोन पदरी फडके आणि हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून फाटक उघडून आत गेली. म्हातारीला धुतले, पुसले, लुगडे बदलले, गंजी भरवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे अकरा दिवस. डॉक्टर म्हणून मी हे कोणाला कर म्हणून सांगणार नाही. पुढे तिलाही ताप आला, सुदैवाने उतरला. जाताना ती दारात उभी राहून डोळे मिटून मिनिटभर प्रार्थना करायची. "आमच्याच घरच्या देवाशी बोलल्यागत बोलायची," असे बाईंनी मला नंतर सांगितले.

मग त्यांच्या चर्चमधली दोन तरुण मुले आली. गॅस आणून दिला, मृत्यूच्या दाखल्यासाठी रांगेत उभी राहिली. टाळेबंदीमुळे तेराव्याला कोणी येऊ शकले नव्हते. आपल्याकडे माणूस गेले की लोक भेटायला येतात, बसतात, पुन्हा पुन्हा तेच विचारतात, आणि त्या विचारण्यानेच माणूस हलके होते. ते सगळे त्या वर्षी बंद पडले. भाऊ फोनवर रडले आणि फोन ठेवून आपल्या घरात गेले. त्यांचाही इलाज नव्हता. चर्च उघडल्यावर तिथे घरचे माणूस गमावलेल्यांना एकत्र बसवून प्रार्थना होऊ लागली. अक्का म्हणाली, येतेस का? बाई गेल्या. पहिल्यांदा गेल्या त्या रडायला गेल्या. नंतर दर रविवारी जाऊ लागल्या.

वर्षभराने, २०२२ च्या पावसाळ्यात, त्यांचे दोघे भाऊ माझ्याकडे आले. त्याच मे महिन्यात कर्नाटकात धर्मांतराविषयीचा वटहुकूम निघाला होता, आणि सप्टेंबरात त्याचा कायदा झाला. धर्म बदलणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायचे. आमिषाने किंवा फसवणुकीने धर्मांतर झाले अशी तक्रार भावानेही करता येते. धर्मांतर स्त्रीचे असेल तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत. भावांनी हे सगळे वाचले होते. थोरला म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुम्ही तिला झोपेचं औषध देत होता. ती तेव्हा भ्रमिष्टासारखी होती, एवढं कागदावर लिहून द्या. पुढचं आम्ही बघतो." धाकटा म्हणाला, "गंजी पाजून बाटवलं हो तिला."

माझ्या केसपेपरवर खरोखरच दुःख, झोप नाही, घशाशी आवंढा, इग्नेशिया असे लिहिलेले होते. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. बहीण हातची गेली असे त्यांना वाटत होते. मी आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत मी काय केले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

मी पंडिता रमाबाई वाचायला घेतल्या. शाळेत त्यांच्यावर एक धडा होता, त्यापलीकडे मला काही ठाऊक नव्हते. त्यांना आपण पुण्याच्या समजतो. पण जन्म झाला २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या रानात, आपल्याच कर्नाटकातल्या सह्याद्रीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे मूळ कारकळच्या बाजूचे. त्यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले, आणि ही विद्या लोकांच्या डोळ्यांत आली. पुढे सगळे कुटुंब पुराण सांगत भारतभर पायी हिंडले. १८७६-७७ च्या सुमाराच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण थोड्याथोड्या अंतराने गेली. राहिला भाऊ, तोही १८८० साली गेला. मग बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी विवाह केला. सिलचरला संसार झाला तो जेमतेम दीड-पावणेदोन वर्षांचा. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने वारले. मुलगी मनोरमा वर्षाचीसुद्धा नव्हती. कॉलऱ्याची जी पाचवी जागतिक साथ म्हणतात, ती त्याच सुमारास सुरू झालेली होती.

सिलचरच्या घरातच नवऱ्याच्या पुस्तकांत रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन बायबल समजावून सांगत असे. त्यांना ते आवडू लागले, पण बायकोने ख्रिस्ती व्हावे हे बिपिनबाबूंना मान्य नव्हते. म्हणजे पुस्तक घरात होते, सांगणारा दारात होता, तरीही रमाबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. नवरा गेल्यावर त्या पुण्याला आल्या. तिथे रानडे-भांडारकरांच्या मंडळींनी त्यांना आधार दिला, हे आपण विसरता कामा नये. आर्य महिला समाज त्यांनी तिथेच काढला. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

का झाला, हे त्यांनी आपल्या साक्षीत सांगून ठेवले आहे. मला ते वाचून धक्काच बसला. मला वाटले होते की एवढी शास्त्री बाई, तिला त्रैक्याचा सिद्धान्त पटला असेल, काही तत्त्वज्ञान सापडले असेल. तसे नाही. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेले. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी त्या भगिनींनी तिथे घर चालवले होते. त्या बायकांना पोटाशी धरलेले रमाबाईंनी पाहिले. आपल्या शास्त्रांत अशा बाईला दंड सांगितलेला, आणि इथे तिची सेवा चालली आहे, ही माणसे असे का करतात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. म्हणजे काम आधी दिसले आणि पुस्तक नंतर उघडले. त्यांनी आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली आहे. बाप्तिस्मा घेतला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळायला पुढे आठ वर्षे लागली. इतक्या बेताने, इतक्या सावकाश चाललेल्या बाईला कोणी बाटवले म्हणायचे?

केलगेरीच्या बाईंच्या घरातही गंजी आधी आली. पुस्तक पुष्कळ नंतर, आणि तेही त्यांनीच मागून घेतले.

पण भावांची बाजूही इतिहासात आहे, ती झाकून चालणार नाही. शारदासदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत निघाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. मुली प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ साली गदारोळ झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली घेऊन आल्या. याच वेळी प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत, मग पुण्यात. साथींचा कायदा झाला तो ४ फेब्रुवारी १८९७ रोजी. २०२० साली आपल्याला घरात बसवले तेव्हा हाच कायदा पुन्हा हाताशी घेतला होता. पुण्यात गर्दी नको म्हणून अधिकाऱ्यांनी रमाबाईंना शहरात आणखी मुली ठेवायची मनाई केली. केडगावला त्यांनी शंभर एकर माळरान घेऊन ठेवले होते. मुली तिकडे हलवल्या, राहुट्यांत, छपरांखाली, झाडांखाली. मुक्ती मिशन म्हणून आज जे ओळखले जाते ते असे उभे राहिले. प्लेग नसता तर ते त्या माळावर इतक्या लवकर उभे राहिले नसते.

त्या मुलींपैकी पुष्कळ जणींनी पुढे बाप्तिस्मा घेतला. उपाशी पोरीला भाकरी देणाऱ्याचा देव तिने घेतला, तर ती तिची निवड म्हणायची का? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो फालतू नाही. मी त्यावर दोन रात्री विचार केला. माझे मत असे झाले की प्रश्न रास्त आहे, पण तो विचारण्याचा हक्क ज्याने आदल्या दिवशी त्या पोरीपुढे भाकरी धरली होती त्याला जास्त आहे. ज्यांनी धरली नाही त्यांनी तो जरा हळू आवाजात विचारावा.

दुसरा आक्षेप असा की ही सगळी सरकारी माणसे, गोऱ्यांची. इथेही रमाबाई गोंधळात पाडतात. रँडसाहेबाची पथके पुण्यात घरे उघडून रोगी शोधत होती तेव्हा सदनातल्या एका मुलीला प्लेगच्या इस्पितळात नेले. ती परत आली नाही, आणि तिथे तिचे काय झाले याविषयी भयंकर गोष्टी कानांवर आल्या. रमाबाईंनी १८९७ च्या मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहून सरकारी इस्पितळाच्या कारभारावर नाव घेऊन टीका केली. त्या पत्राचा प्रश्न थेट पार्लमेंटात निघाला आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप झिडकारले. त्या वेळी ख्रिस्ती असणे म्हणजे सरकारची री ओढणे नव्हते. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. त्याच्या आधी महिनाभर एका बाईने पत्रातून सरकारला जाब विचारला होता. आपल्याला गोळी आठवते. पत्र आठवत नाही.

त्याच पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. रोगी मूल उचलून दवाखान्यात आणताना त्यांना लागण झाली. तेव्हा रोग्याला हात लावणे हा ख्रिस्ती लोकांचा मक्ता आहे, असे मी सांगतो आहे असे कोणी समजू नये. २०२१ सालीही ठिकठिकाणी मुसलमान तरुणांनी हिंदूंचे देह स्मशानात नेले, शिखांनी रस्त्यावर ऑक्सिजनचे लंगर लावले. आमच्या जैन समाजानेही जेवणाची पाकिटे वाटली, मीही त्यांत होतो. पण पाकीट फाटकाबाहेरून देता येते.

आता माझ्या धंद्याचे. आम्हा होमिओपॅथ लोकांना मंगळूरचे फादर म्युलर हे नाव वडिलांसारखे आहे. ऑगस्टस म्युलर हे जर्मन जेझुइट. १८७८ साल संपता संपता ते मंगळूरला आले. कॉलेजात शिकवायचे आणि बरोबर आणलेल्या छोट्या पेटीतून औषधे द्यायचे. १८८० साली कंकनाडीला त्यांचा गरिबांचा दवाखाना सुरू झाला. त्यांची औषधे पुढे टपालाने देशभर गेली. १८९० साली त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी घर काढले, आणि १९०२ साली मंगळुरात प्लेग आला तेव्हा प्लेगचे इस्पितळ. १९१० साली ते वारले. आज तिथे मोठे वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि १९८५ पासून होमिओपॅथीचेही.

मी विद्यार्थी होतो तेव्हा फादर म्युलरांची गोष्ट आम्ही औषधाचा विजय म्हणून ऐकली. आता वय झाल्यावर मला तसे म्हणवत नाही. २०२० च्या जानेवारीत आयुष मंत्रालयाने आर्सेनिकम आल्बम ३० घ्यायला सांगितले, आणि मी केलगेरीत शेकडो बाटल्या फुकट वाटल्या. त्या गोळ्यांनी कोरोना अडवला असे मी आज या व्यासपीठावरून म्हणणार नाही. माझ्याकडे तसा पुरावा नाही. प्लेगवर खरा मार सुरू झाला तो हाफकिन यांच्या लसीने. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९८ साली आपल्या हुबळीत ती फार मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. हाफकिन ज्यू होते. फादर म्युलरांच्या पेटीतल्या कुठल्या गोळीने प्लेगचा रोगी बरा झाला, मला ठाऊक नाही. त्यांनी प्लेगच्या रोग्यांना छप्पर दिले आणि त्यांच्यात वावरले, एवढे मात्र नक्की. माझ्याकडे गोळ्या त्यांच्याच होत्या आणि मी फाटकावरून परतलो.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत ‘स्मृतिचित्रे’ असेल. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड आठवते ना? बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. लहानपणी आम्ही ते वाचून हसलो होतो. २०२० साली मी स्वतः भाजी साबणाच्या पाण्यात धुतली आणि दुधाच्या पिशव्या उन्हात ठेवल्या, तेव्हा ते पान आठवले. आमच्याकडे त्याला मडी म्हणतात, शब्द कानडी, वेड तेच. त्या घरातली ही मुलगी. नवरा नारायण वामन १८९५ साली ख्रिस्ती झाला तेव्हा जीव द्यायला निघालेली, पाच वर्षे वेगळी राहिलेली, आणि १९०० साली आपल्या पायांनी, आपल्या विचाराने त्याच वाटेला आलेली. आपण ते पुस्तक विनोदासाठी वाचतो. माझ्या मते ते स्पर्शाबद्दलचे पुस्तक आहे.

आणि मग मला माझ्याच घरचे सापडले. हे मला लहानपणी पाठ होते. सम्यग्दर्शनाची आठ अंगे, त्यांतले तिसरे निर्विचिकित्सा. देहाची किळस न करणे. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात या अंगासाठी उद्दायन राजाचे नाव दिले आहे. गोष्ट अशी की एक देव राजाची परीक्षा पाहायला कुष्ठी मुनीचे रूप घेऊन येतो, आहार घेतो आणि राजाराणीच्या अंगावरच ओकतो. सेवक पळून जातात. राजा आपल्या हातांनी मुनीचे अंग धुतो, आणि माझ्याच वाढण्यात काही चूक झाली असेल म्हणून स्वतःला दोष देतो. चातुर्मासात ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल. आमच्या बसदीत ती ऐकणारे आम्ही सगळे २०२१ च्या मे महिन्यात घरात होतो, आणि ती गोष्ट कधी न ऐकलेली अक्का हातांना पिशव्या बांधून फाटकाच्या आत होती.

आठ दिवसांनी भाऊ आले. मी त्यांना रमाबाई सांगितल्या नाहीत, उद्दायनही सांगितला नाही. त्यांना ते ऐकायचे नव्हते. मी केसपेपर काढला आणि म्हटले, "यात तुमची बहीण दुःखी होती एवढंच लिहिलं आहे. दुःखी माणसाला भ्रमिष्ट म्हणायला मी तयार नाही. नवरा गेल्यावर तिला झोप लागली असती तर मला काळजी वाटली असती."

धाकटा म्हणाला, "मग आमिष नव्हतं म्हणता?"

मी म्हटले, "गंजी होती. अकरा दिवस. ती मी द्यायला हवी होती, किंवा तुम्ही. आपल्यापैकी कोणी ते आमिष दाखवलं असतं तर बरं झालं असतं."

थोरला बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आम्हाला निपाणीतून निघता येत नव्हतं डॉक्टर, पोलीस सोडत नव्हते." ते खरेच होते. मी तसे म्हटले. चहा मागवला, पण तो न घेताच ते गेले. तक्रार त्यांनी केली नाही. बहिणीकडे मात्र दोन दिवाळ्या आले नाहीत. तिसऱ्या दिवाळीला धाकटा आला.

बाईंनी अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही. घेतील की नाही हे मी विचारलेले नाही. रविवारी सकाळी त्या चर्चला जातात. तुळशीला पाणी घालणे सुटलेले नाही, ते आता मुलगा घालतो. त्यांच्याकडे एक मराठी बायबल आहे. मी त्यांना सांगितले की मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणण्यात रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे घालवली, आणि १९२२ साली त्या गेल्यावर दोन वर्षांनी ते केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. बाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्यातल्याच की हो त्या." सासूला हे चर्चचे प्रकरण पसंत नाही. ती हरिपाठ म्हणते आणि रविवारी मुद्दाम मोठ्याने म्हणते. पण अक्का आली की तिला आधी बसायला पाट देते.

मध्यंतरी बाई दवाखान्यात आल्या होत्या. केसपेपर लिहिताना त्यांनी विचारले, "डॉक्टर, मी जाते ते पाप आहे का हो? तुम्ही एवढं शास्त्र वाचता, सांगा."

मी म्हटले, "बाई, त्या मे महिन्यात मी तुमच्या फाटकाबाहेरून हॉर्न वाजवून गेलो होतो. हे मला विचारू नका."

त्या हसल्या. "त्या पुडीतल्या गोळ्या आईंनी नंतर साखर म्हणून खाल्ल्या," असे म्हणाल्या. मग गुडघा दुखतो म्हणून सांगितले, जिना उतरताना जास्त. मी तपासून औषध दिले.